पोपचा अंकुश नेमका कुणावर होता?

मध्ययुगातल्या पोपबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एक शाळेच्या पुस्तकातलं, म्हणजे पोप सर्वसत्ताधीश होता, राजे त्याच्यापुढे थरथर कापायचे, लोक अडाणी होते, मग प्रबोधन आलं आणि सगळं सुटलं. दुसरं अलीकडे जास्त ऐकू येतं आणि ते जरा हुशारीने मांडलेलं असतं, की बघा, युरोपात निदान राजाला जाब विचारणारं कुणीतरी होतं, धर्मसत्तेचा राजसत्तेवर अंकुश होता, आणि आजच्या पुढाऱ्यांवर पण असा एखादा नैतिक अंकुश हवा. मला या दुसऱ्या मताशी भांडायचंय. पहिलं चूक आहे पण निरुपद्रवी आहे, दुसरं ऐकायला गोड आहे म्हणून जास्त धोक्याचं.

अंकुशवाल्यांचा लाडका पुरावा म्हणजे कॅनोसा. जानेवारी १०७७, इटलीतल्या डोंगरावरचा मटिल्डा नावाच्या सरदारणीचा किल्ला, आत पोप सातवा ग्रेगरी, आणि बाहेर बर्फात अनवाणी, लोकरीचं जाडंभरडं कापड अंगावर घेऊन तीन दिवस उभा असलेला जर्मनीचा राजा चौथा हेन्री. चित्र जबरदस्त आहे, नाकारत नाही. पण हा माणूस तिथे का आला हे कुणी सांगत नाही.

झालं असं की १०७५ मध्ये ग्रेगरीने आपल्या दप्तरात २७ कलमं नोंदवून ठेवली होती, डिक्टेटस पापे म्हणतात त्याला. त्यात काय नाही ते विचारा. सगळ्या राजांनी फक्त पोपच्याच पायाचं चुंबन घ्यावं, पोप सम्राटाला पदावरून काढू शकतो, पोपचा न्याय कुणीही करू शकत नाही, आणि अन्यायी माणसाशी निष्ठेची शपथ घेतलेल्या प्रजेला पोप त्या शपथेतून मोकळं करू शकतो. यातलं शेवटचं कलम नीट वाचा, कारण सगळा खेळ तिथे आहे. त्या काळचं राज्य म्हणजे काही पगारी नोकरशाही नव्हती, राजा आणि सरदार यांच्यात एकच धागा होता, शपथ. ती शपथ धार्मिक, देवासमोर घेतलेली. म्हणजे जो माणूस शपथ रद्द करू शकतो त्याला फौज लागतच नाही, राजाची फौज तो घरी पाठवू शकतो. निदान कागदावर तरी.

भांडणाचं निमित्त होतं बिशप कोण नेमणार हे. हे ऐकायला देवळाच्या ट्रस्टींची भांडणं वाटतात पण बिशपांकडे गावंच्या गावं, किल्ले, सैनिक, जकात असं सगळं असायचं, आणि वर त्यांना औरस वारस नसल्यामुळे बिशप मेला की ती जहागीर परत नेमणाऱ्याच्या हातात यायची. राजाला असे आपले बिशप सोडणं परवडणारच नव्हतं. हेन्रीने जानेवारी १०७६ ला वर्म्सला बिशपांची सभा भरवून ग्रेगरीला पत्र लिहिलं, त्यात त्याला पोप म्हटलंच नाही, त्याचं जुनं नाव हिल्डेब्रांड घेतलं आणि तू खोटा साधू आहेस, गादीवरून उतर असं सुनावलं. पुढच्याच महिन्यात ग्रेगरीने त्याला वाळीत टाकलं आणि प्रजेची शपथ मोकळी केली.

आणि आता खरी गंमत. ही बातमी जर्मनीत पोचल्यावर कुणाला सगळ्यात जास्त आनंद झाला असेल तर सॅक्सनीच्या सरदारांना, ज्यांचं बंड हेन्रीने नुकतंच १०७५ मध्ये रणांगणात मोडून काढलं होतं, आणि दक्षिणेतल्या ड्यूक लोकांना, ज्यांना हा पोरगेला राजा आधीपासूनच डोईजड झाला होता. काल ते बंडखोर होते, आज ते धर्माच्या बाजूचे झाले. ऑक्टोबर १०७६ मध्ये ट्रिबूरला जमून त्यांनी हेन्रीला मुदत दिली, वर्षाच्या आत शापमुक्त हो नाहीतर आम्ही दुसरा राजा बघतो. शिवाय पोपला ऑग्सबुर्गला बोलावलं, तिथे तो फेब्रुवारीत येऊन राजाचा निवाडा करणार होता. हेन्रीला हे सरदार आणि पोप एकत्र भेटणं काहीही करून टाळायचं होतं म्हणून तो ऐन हिवाळ्यात बायको आणि लहान मुलाला घेऊन आल्प्स ओलांडून निघाला. लाम्पर्ट नावाच्या साधूने लिहून ठेवलंय की उतरणीवर राणीला आणि तिच्या दासींना बैलाच्या कातड्यावर बसवून ओढत खाली आणलं, अर्थात लाम्पर्टला हेन्री आवडत नव्हता त्यामुळे त्याचं चिमूटभर मीठ घालून वाचावं.

ग्रेगरीला वाटलं हा सैन्य घेऊन आलाय, म्हणून तो किल्ल्यात जाऊन बसला. पण बाहेर आला तो पश्चात्तापी माणूस. आणि इथे पोपच अडकला. समोर कुणी रडत क्षमा मागतोय आणि तुम्ही पाद्री आहात, तर नाही म्हणता येत नाही. ग्रेगरीने स्वतः जर्मन सरदारांना लिहिलेल्या पत्रात कबूल केलंय की जवळचे लोक त्याला म्हणायला लागले होते, ही धर्मगुरूची कडकाई नाही, हा जुलमी माणसाचा क्रूरपणा झाला. शेवटी त्याने माफ केलं, आणि माफ केल्याक्षणी जर्मन सरदारांच्या हातातलं निमित्त गेलं.

थोडक्यात बर्फातल्या त्या तीन दिवसांत हरलेला माणूस बाहेर उभा होता असं ठामपणे म्हणता येत नाही. पुढचं तर कुणी सांगतच नाही. सरदारांनी पोपची वाट न बघता मार्च १०७७ मध्ये रुडॉल्फ नावाचा आपला राजा निवडला, यादवी झाली, ग्रेगरीने १०८० मध्ये हेन्रीला दुसऱ्यांदा वाळीत टाकलं, तेच शब्द, तोच अधिकार, बहुतेक कलमंही तीच. यावेळी फारसं कुणी हललं नाही. त्याच वर्षी रुडॉल्फ लढाईत मेला, त्याचा उजवा हात तुटला होता, ज्या हाताने हेन्रीच्या निष्ठेची शपथ घेतली तोच, आणि हेन्रीच्या माणसांनी ते देवाचं उत्तर म्हणून सगळीकडे सांगितलं. हेन्रीने आपला वेगळा पोप उभा केला, १०८४ मध्ये रोम घेतलं, त्याच्याच हातून सम्राटपदाचा मुकुट घातला. ग्रेगरी सांत'आंजेलोच्या गढीत अडकला, सोडवायला रॉबर्ट गिस्कार्डचे नॉर्मन आले आणि त्यांनी रोम असं लुटलं की रोमच्या लोकांना पोपचं तोंड बघायची इच्छा राहिली नाही. १०८५ मध्ये तो सालेर्नोला परागंदा अवस्थेत मेला.

पोपचा शाप म्हणजे हुंडी होती. कागद कितीही खरा असला तरी दुसऱ्या टोकाला ती वटवणारा कुणी पाहिजे. १०७६ ला वटवणारे रांगेत उभे होते, १०८० ला बरेचसे पांगले होते. यात राजाच्या पापाचा, पुण्याचा, न्यायाचा संबंध किती? मला तरी फार कमी दिसतो.

कुणी म्हणेल ग्रेगरी कच्चा होता, तिसरा इनोसंट बघा. बघू की. ११९८ ला सदतिसाव्या वर्षी पोप झालेला, डोक्याने तल्लख, आणि तोवर पोपकडे बरंच काही जमा झालं होतं. ग्रॅशियनने ११४० च्या सुमाराला चर्चचा कायदा एकत्र केला होता, युरोपभरातून दावे रोमला अपिलात यायचे, आणि हे लक्षात घ्या की ते रोम ओढून आणत नव्हतं, लोक स्वतःहून येत होते. शेजारच्या मठाने आमची जमीन दाबली, आमच्या बिशपची निवड खोटी आहे, माझं लग्न रद्द करा. लग्नांचा मामला तर फारच मोठा, कारण सात पिढ्यांपर्यंतच्या नात्यात लग्न चालत नव्हतं (१२१५ मध्ये रोमला भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेने ते चारवर आणलं) आणि राजघराणी सगळी एकमेकांच्या नात्यात, म्हणजे लग्न करायला सूट पाहिजे आणि मोडायला कारण पाहिजे, दोन्ही रोमच्या दुकानात. पोपची खरी, रोजची, टिकाऊ ताकद मला इथे दिसते, या कचेरीत. शापापेक्षा सही मोठी होती.

इथेच अंकुशवाल्यांच्या बाजूची सगळ्यात चांगली केस सांगतो, उगाच लपवायला नको. फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप, त्याने ११९३ मध्ये डेन्मार्कची राजकन्या इंगेबोर्ग हिच्याशी लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला टाकलं. का, ते आजपर्यंत कुणाला नक्की कळलेलं नाही. फ्रान्सच्या बिशपांनी राजाच्या मर्जीप्रमाणे नातं शोधून काढून लग्न रद्द केलं. मुलगी परक्या देशात, भाषा येत नाही, एका मठातून दुसऱ्या गढीत बंदिवान, आणि राजाने दुसरं लग्न पण करून टाकलं. तिने रोमकडे दाद मागितली. संपूर्ण युरोपात तिचं म्हणणं ऐकून घेईल अशी दुसरी जागा नव्हती हे मान्य करायलाच हवं. इनोसंटने १२०० मध्ये फ्रान्सवर इंटरडिक्ट लावला, म्हणजे राज्यातली चर्चं बंद. राजा नमला, म्हणजे नमल्यासारखं केलं, इंटरडिक्ट उठला, आणि इंगेबोर्ग परत कोंडली गेली. दुसरी बायको १२०१ मध्ये वारली, तिच्या मुलांना पोपनेच औरस ठरवून दिलं. इंगेबोर्गला राणी म्हणून परत जागा मिळाली १२१३ मध्ये, जेव्हा फिलिपला इंग्लंडवर चाल करायची होती आणि पोपचा आणि डेन्मार्कचाही उपयोग होता. तिची चिकाटी खरी, पोपचा निकालही खरा, पण वीस वर्षं.

आता इंग्लंडचा जॉन. कँटरबरीचा आर्चबिशप कोण यावरून वाद, पोपने स्टीफन लँग्टनला नेमलं, जॉन त्याला देशात पाय ठेवू देईना. मार्च १२०८ पासून इंग्लंडवर इंटरडिक्ट, तो उठला १२१४ च्या उन्हाळ्यात. सहा वर्षं! या सहा वर्षांत बाळाचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याची कबुली एवढं सोडून जवळपास सगळं बंद, घंटा बंद, लोकांना पवित्र जमिनीत पुरता येत नव्हतं, शेताच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला माणसं पुरली गेली. ज्या समाजात आईबाप कुठे पुरलेत यावर त्यांचं परलोकातलं भलंबुरं ठरतं असं लोक मनापासून मानतात तिथे ही शिक्षा काय असेल कल्पना करा. आणि ती कुणाला? ज्या शेतकऱ्याने लँग्टनचं नावही ऐकलं नसेल त्याला. जॉनचं काय झालं? त्याने पाद्र्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, उत्पन्न खिशात घातलं, आणि त्या वेळचे लिहिणारे सांगतात की ब्रह्मचारी म्हणवणाऱ्या पाद्र्यांच्या ठेवलेल्या बायकांना पकडून त्यांच्यावर पण खंडणी वसूल केली. १२०९ मध्ये त्याला व्यक्तिशः वाळीत टाकलं तरी तो निवांत राज्य करत होता. अंकुश हत्तीला टोचायच्या ऐवजी सगळी टोचणी पायाखालच्यांनाच होती.

तो झुकला १२१३ मध्ये, कारण समोर फिलिप जहाजं जमवत होता आणि मागे सरदार खवळलेले होते. मग जॉनने काय केलं तर अख्खं इंग्लंड पोपच्या चरणी वाहिलं आणि मांडलिक म्हणून परत घेतलं, वर्षाला १००० मार्क खंडणी, ७०० इंग्लंडचे आणि ३०० आयर्लंडचे. अपमान वाटतो, पण मला ही त्या माणसाची आयुष्यातली सगळ्यात हुशार चाल वाटते. कारण दोन वर्षांनी, जून १२१५ मध्ये, सरदारांनी त्याच्याकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला, राजाने मनमानी करू नये, कायद्याशिवाय स्वतंत्र माणसाला कैद करू नये वगैरे, आणि तो करून घेण्यात मध्यस्थ कोण तर तोच लँग्टन, पोपचा माणूस. आणि पोप? ऑगस्ट १२१५ मध्ये इनोसंटने तो करार रद्दबातल ठरवला, तो पाळणं जॉनला आणि पाळायला लावणं सरदारांना मना केलं. लँग्टनने सरदारांना वाळीत टाकायला नकार दिला तर त्यालाच कामावरून निलंबित केलं.

हे मी अंकुशवाल्या मित्रांना नेहमी विचारतो आणि नीट उत्तर मिळत नाही. युरोपच्या इतिहासात राजावर कागदोपत्री अंकुश ठेवण्याचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न झाला तेव्हा सगळ्यात सामर्थ्यवान पोप राजाच्या बाजूने उभा राहिला, कारण राजा आता त्याचा मांडलिक होता. मजा म्हणजे पुढच्याच वर्षी जॉन मेला, नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आला, सरदारांना शांत करणं भाग होतं, तेव्हा पोपचाच प्रतिनिधी ग्वाला याने नोव्हेंबर १२१६ मध्ये सुधारलेल्या मॅग्ना कार्टावर आपली मोहोर लावली. सव्वा वर्षात पाप होतं ते पुण्य झालं. तत्त्व कुठे होतं यात, शोधून दाखवा.

आणि याच इनोसंटची क्रूसेड. जेरुसलेमला निघालेली फौज व्हेनिसच्या कर्जात बुडाली, पोपने ख्रिस्ती शहरांवर हात टाकू नका म्हणून बजावलं होतं तरी १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहरच लुटलं. पोपने वाळीत टाकलं, तर व्हेनिसकरांबद्दलचं पत्र सेनापतीने दडवून ठेवलं. १२०४ मध्ये त्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, ख्रिस्ती जगातलं सगळ्यात श्रीमंत शहर. त्याचीच फौज, त्याच्याच नावाने निघालेली. स्वतःच्या शहरातही पोपचं वेगळं नव्हतं म्हणा, दुसरा ल्युशियस ११४५ मध्ये रोमच्या नगरसभेवर चालून गेला आणि दगड लागून मेला असं म्हणतात. सम्राटाला पदच्युत करण्याचा हक्क सांगणाऱ्या पोपना आपल्याच गल्लीत किती वेळा थारा मिळाला नाही याची यादी लांब आहे.

मग आठवा बोनिफेस. १२९६ मध्ये त्याने फर्मान काढलं की पोपच्या परवानगीशिवाय राजाने पाद्र्यांवर कर बसवायचा नाही. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने काय केलं, सोनंचांदी देशाबाहेर न्यायला बंदी घातली. रोमचा पैसा अडला आणि वर्षभरात पोपने माघार घेतली. शाप लागायला वेळ लागतो, पैसे अडले की लगेच कळतं. नोव्हेंबर १३०२ मध्ये त्याने उनाम सांक्टाम काढलं, की प्रत्येक मनुष्यप्राण्याला मोक्षासाठी रोमच्या पोपच्या अधीन असणं आवश्यक आहे. पोपच्या अधिकाराबद्दल इतकं मोठं वाक्य आधी क्वचितच कुणी लिहिलं असेल. आणि दहा महिन्यांत, सप्टेंबर १३०३ ला, राजाचा वकील नोगारे आणि पोपचा हाडवैरी शारा कोलोन्ना माणसं घेऊन आनान्यीला त्याच्या महालात घुसले आणि त्याला धरलं. गावकऱ्यांनी सोडवला, पण महिन्याभरात तो रोममध्ये मेला. यावेळी फ्रान्सचे सरदार राजाच्या बाजूने होते, बिशप बरेचसे गप्प किंवा राजाच्या बाजूने, शहरांतले व्यापारी राजाच्या बाजूने. हुंडी परत आली. १३०९ पासून पोप आव्हिन्योंला जाऊन राहिले, फ्रान्सच्या राजाच्या दारात.

आपल्याकडचं बघायचं तर गोवा आहेच, काळ थोडा नंतरचा पण हिशोब तोच. पंधराव्या शतकापासून पोपने पोर्तुगालच्या राजाला फर्मानांवर फर्मानं देऊन टाकली, नव्या मुलखात चर्च उभारा, चालवा, बिशपही तुम्हीच सुचवा, पाद्रोआदो म्हणतात ते हेच. रोमला फुकटात धर्मप्रसार मिळत होता. १५३४ मध्ये गोव्याची धर्मपीठ म्हणून स्थापना झाली. मग रोमला कळलं की आपण चावी देऊन बसलो. १६२२ मध्ये रोमने मिशनांसाठी आपलं स्वतःचं खातं काढलं, आणि त्या खात्याने १६३७ मध्ये दिवाडीच्या मातेउस द कास्त्रोला बिशप केलं. गोव्याच्या आर्चबिशपने ज्याला साधा पाद्री करायला नकार दिला होता, ब्राह्मण घरातला गोंयकार, त्याला थेट पोपने बिशप केलं. तो परत आला तर गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी आणि आर्चबिशपने त्याचे कागद मानलेच नाहीत. पोपने नेमलेल्या बिशपला शेवटी आसरा मिळाला तो आदिलशाहीतल्या डिचोलीत, मुसलमान सुलतानाच्या हद्दीत.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं आणि ते अगदीच फेकून देण्यासारखं नाही, की पोपचा अधिकार दुबळा असेना का, पण राजा आणि पोप दोघं शतकानुशतकं भांडत राहिले आणि दोघांपैकी कुणालाच सगळं मिळालं नाही म्हणून मधल्या फटीत शहरं, विद्यापीठं, संसदा वाढल्या. हे मला पटतं. ११२२ ला वर्म्सला जो समझोता झाला, बिशपपदाची अंगठी आणि काठी चर्चने द्यायची, जमिनीचे हक्क राजाने द्यायचे, तो दोघं दमले म्हणून झाला. पण मग श्रेय दोघांच्या दमण्याला द्या ना, पोपच्या अधिकाराला कशाला? पोपला हवं ते सगळं मिळालं असतं तर ती फट राहिलीच नसती. ज्याचा न्याय कुणी करू शकत नाही असा माणूस राजाच्या वर बसवायचा आणि त्याला अंकुश म्हणायचं, हे मला कधीच पचलेलं नाही. राजाला निदान सरदार तरी होते.

आणि चर्चमधल्याच लोकांना हे कळलं होतं. १३७८ पासून दोन पोप, १४०९ पासून तीन, प्रत्येकजण बाकीच्यांना शाप देतोय, प्रत्येकाचा न्याय कुणीही करू शकत नाही. सोडवणार कोण? शेवटी १४१४ ला कॉन्स्टान्सला चर्चची परिषद भरली, तिने १४१५ मध्ये ठरवलं की परिषदेचा अधिकार थेट ख्रिस्ताकडून आलाय आणि पोपनेही तो मानला पाहिजे, मग दोघांना काढलं, एकाने राजीनामा दिला, १४१७ ला नवा पोप निवडला. शिवाय नियम केला की पुढची परिषद पाच वर्षांनी, मग सात, मग दर दहा वर्षांनी भरायचीच. पोपवरचा हा खरा अंकुश होता, अंकुशवाल्यांनी कौतुक करायचं तर याचं करावं. तो टिकला किती? नंतर बासेलला भरलेल्या अशाच परिषदेत पोपच्या विरोधात हिरिरीने लिहिणारा एक तरुण सेक्रेटरी होता, एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी. तो पुढे दुसरा पायस नावाने पोप झाला आणि १४६० मध्ये त्याने फर्मान काढलं की पोपच्या निर्णयाविरुद्ध परिषदेकडे जो अपील करेल तो आपोआप वाळीत.